आमच्या पिल्लाचे पुढचे दात वाचवणाऱ्या डॉक्टर मॅडमना

मॅडम, नमस्कार. क्लिनिकमध्ये गर्दीत तुमच्याशी नीट बोलताच आलं नाही म्हणून इथे लिहितेय, आणि सगळ्यांना वाचता येईल असं लिहितेय, कारण आपल्या मुंबईत आमच्यासारखे गोंधळलेले आईबाबा खूप असणार.

तीन वर्षांच्या पोराचं रूट कॅनल म्हटलं की लोक वेड्यात काढतात हो. "अगं दुधाचे दात ते, पडणारच आहेत, कशाला पैसे घालवतेस" हे बिल्डिंगमधल्या काकूंपासून सासरच्या ग्रुपपर्यंत सगळ्यांनी ऐकवलं, आणि आधी ज्या दवाखान्यात गेलो तिथे तर नीट न बघताच काढून टाकू म्हणाले. तुम्ही मात्र आधी एक्स-रे काढला आणि दाखवलंत की दुधाच्या दाताच्या मुळाजवळच पक्क्या दाताची कळी तयार होतेय, हिरडीवरची ती पुटकुळी म्हणजे आतला पू, आणि तो तसाच राहिला तर त्या कळीला त्रास होऊ शकतो. वरचे पक्के पुढचे दात ७-८ वर्षांचा झाल्यावर येणार, तोवर पोराने पोळीचा तुकडा तोडायचा कशाने? मूळ फार झिजलं असतं तर काढायलाच सांगितलं असतं, हेही तुम्ही स्पष्ट बोललात, म्हणूनच विश्वास बसला.

आणि ती ट्रीटमेंट! आधी सांगायचं, मग दाखवायचं, मग करायचं. फिरणारा ब्रश आधी त्याच्या नखावर फिरवलात, मग दातावर. हिरडीला जेल लावलं, मग इंजेक्शन, तेव्हा तो थोडा रडला पण तुमचा आवाज एकदाही चढला नाही. आतली खराब नस काढून धुऊन तुम्ही जी पेस्ट भरलीत ती मुळासोबत हळूहळू विरघळते, मोठ्यांच्या दातात भरतात ते गटापर्चा विरघळत नाही म्हणून इथे चालत नाही, हे मला पहिल्यांदा कळलं. वर पांढऱ्या कॅप्स. पोरगं आता तोंडावर हात न ठेवता हसतं, मॅडम!!

अजून एक, तुम्ही आम्हाला एका शब्दाने दोष दिला नाहीत. दूध पीत झोपलं की रात्री लाळ कमी असते, दूध वरच्या दातांवर साचून राहतं आणि ते किडतात, खालच्या दातांना जीभ आणि लाळ सांभाळते म्हणून ते वाचले, असं शांतपणे समजावलंत. तांदळाच्या दाण्याएवढी फ्लोराइडवाली पेस्ट तीन वर्षांपर्यंत, आता वाटाण्याएवढी, आणि ब्रश मोठ्यांनीच करून द्यायचा, हे मी फ्रिजवर लिहून ठेवलंय. पहिल्या वाढदिवसापर्यंत एकदा डेंटिस्टला दाखवायचं, हे आता मी भेटेल त्या आईला सांगतेय.

त्याचं डोकं मांडीवर धरून बसलेल्या तुमच्या असिस्टंट ताईंनाही मनापासून थँक यू सांगा. पुढच्या चेकअपला येतोय, एक्स-रेही तेव्हाच काढू.