बाबांच्या चार्टला उत्तर

पणजी, बुधवार रात्र

ती. आई-बाबांना सा. नमस्कार.

बाबा, तुमचा गोव्याच्या सहलीचा कागद पोचला. वहीच्या पानावर पट्टीने रेघा मारून, डावीकडे वेळ, मध्ये ठिकाण, उजवीकडे 'शेरा'. शनिवारी साडेसहाला मंगेशी, पावणेआठला म्हार्दोळ, नऊला शांतादुर्गा, मग जुनं गोवं, दोनापावला, मिरामार, आणि रविवारी उरलेलं. मी मोजली, दोन दिवसांत अकरा ठिकाणं. शेऱ्यात 'चहा ५ मि.' असंही लिहिलंय. हा ड्युटी चार्ट आहे, सहल नव्हे. निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली की हो!

आई याला काही बोलली नसणार, कारण गुडघ्याचं ती तुम्हाला सांगतच नाही. मला सांगते.

म्हणून माझं म्हणणं ऐका. देवळं मागच्या खेपेला जीप करून झाली आहेत. या वेळी गाडी करायची नाही. आंबोलीवरून एसटीने यायचं, स्टँडवर उतरायचं आणि मग दोन दिवस फक्त पणजी बघायची, तीही चालत. नकाशात बोटाच्या पेराएवढं गाव आहे. गेल्या रविवारी मी सगळा रस्ता आईच्या चालीने चालून बघितला. दर शंभर पावलांना थांबायचं, सावली शोधायची, टेकायला काही आहे का बघायचं. लोकांना वाटलं असेल, या पोरीचं काहीतरी हरवलंय.

बाबा, तुम्ही किती वर्षं पणजीच्या गाडीवर वाहक होतात? मुक्कामी ड्युटी लागली की रात्री स्टँडवर, सकाळी पहिली गाडी काढून परत. येताना काजूची पिशवी. मला लहानपणी वाटायचं, बाबांना सगळा गोवा पाठ आहे. इथे राहायला आल्यावर कळलं की तुम्ही झोपायचात तिथून ओरेंची खाडी ओलांडली की फोंताईन्हास, जुन्या रंगीत घरांची वस्ती. दहा मिनिटंसुद्धा नाहीत. आणि तुम्ही ते कधी बघितलेलं नाही! मागे फोनवर विचारलं तर म्हणालात, "तिकडं काय काम होतं?" तेव्हापासून हे डोक्यात आहे.

तर शनिवारी दुपारी जेवून आडवं व्हायचं आणि ऊन उतरल्यावर निघायचं. माझी खोली पणजीच्या 'मळा' भागातच आहे, तळमजल्यावर. तिथून फोंताईन्हासच्या गल्ल्या सुरू होतात. पिवळी, निळी, गेरूच्या रंगाची घरं, वर मंगलोरी कौलं, रस्त्यावर आलेल्या छोट्या गॅलऱ्या. पांढरा रंग चर्चसाठी राखून घरांना दुसरे रंग द्यायचे, अशी जुनी रीत सांगतात. आई, तुला मी एक खिडकी दाखवणार आहे. काचेऐवजी लाकडी चौकटीत शिंपल्याच्या चकत्या बसवल्यात, तळहाताहून लहान, एकावर एक सरकवलेल्या. बाहेरून मळकट दिसतात. आत दिवा लागला की सायीसारखा उजेड झिरपतो. एक चकती गेली होती, तिथे घरातल्यांनी पुठ्ठा लावलाय. सातच्या सुमारास दिवा लागतो, तेव्हा त्या वेळी तिथून जायचं.

एक सांगून ठेवते. ही घरं राहती आहेत. फोटोवाल्यांनी तिथल्या लोकांना नको करून सोडलंय. कुणाच्या पायरीवर बसायचं नाही आणि बाबा, आवाज जरा खाली. तिकीट विचारायचा आवाज गल्लीत फार घुमतो. फुटपाथ जवळपास नाहीच, वळणावरून स्कूटर अचानक येते. आईला आतल्या बाजूने चालवायचं.

तिथल्या रस्त्याचं नाव '३१ जानेवारी'. बाबा, तुम्हाला थांब्यांच्या नावांचं वेड, म्हणून सांगते. १८९१ साली त्या तारखेला पोर्तुगालमधल्या पोर्तु शहरात राजाविरुद्ध बंड झालं, प्रजासत्ताक हवं म्हणून. त्याच दिवशी मोडलंही. तारीख मात्र इथे पाटीवर राहिली. आणि बाजाराकडे जाणारा '१८ जून' रस्ता म्हणजे १९४६ साली राममनोहर लोहियांनी पोर्तुगीजांविरुद्ध मडगावला सभा घेतली तो दिवस. दोन तारखांमध्ये चालत पाव तास. आईला धरून अर्धा.

रविवारी लवकर निघू. उठायचा प्रश्नच नाही, पोदेर, म्हणजे पाववाला, सायकलचा भोंगा वाजवत येतो. पोय घ्यायची, कोंडा लावलेली, गरम असताना मधून पोकळ. आई, तू दुरडीत हात घालून पाव दाबून बघशील, मला माहीत आहे. घाल.

आधी नदीकाठी. आदिलशहाचा जुना राजवाडा तिथेच आहे. पुढे व्हाइसरॉय त्यात राहायचे आणि अगदी २००० सालापर्यंत विधानसभा तिथे भरायची. शेजारी आबे, म्हणजे पाद्री, फारियाचा पुतळा. इथल्याच कांदोळीचा माणूस, १७५६ चा जन्म, संमोहनाचा अभ्यास करून पॅरिसमध्ये नाव काढलं. पुतळ्यात दोन्ही हात पुढे केलेत आणि खाली एक बाई मागे कलंडते आहे. आईला पहिल्यांदा भीती वाटेल. त्याची गोष्ट इथे सगळे सांगतात. तरुणपणी प्रवचनाला उभा राहिला, मोठी मोठी मंडळी बघून शब्द फुटेना. खालून वडील कोंकणीत कुजबुजले, "कातर रे भाजी!" समोर भाजीच आहे समज आणि काप. खरं-खोटं देव जाणे. मला मात्र वक्तृत्व स्पर्धेत पहिल्या रांगेत बसून माझं भाषण ओठांनी म्हणणारे तुम्हीच आठवलात. तेवढ्यानं मी अडखळले होते, हे आजवर सांगितलं नव्हतं.

मग फेरीबोट. पणजीहून बेती, पलीकडे जायचं आणि त्याच बोटीने परत. चालत चढणाऱ्याला तिकीट नाही. बाबा, वाहकाशिवाय गाडी कशी चालते ते बघा. कॅसिनोच्या बोटींवर तुमचं मत मला माहीत आहे, ते आईला सांगा, मी ऐकलंय.

पणजीच्या मोठ्या चर्चच्या पायऱ्या आईने चढायच्या नाहीत. वळणावळणाचा तो पांढरा जिना खालूनच छान दिसतो. बाबांना वर जायचं असेल तर जावं, आम्ही खाली बागेत बसू. ८ डिसेंबरला तिथलं फेस्त असतं, त्या गर्दीत नको. आपण नोव्हेंबरच्या शेवटच्या शनिवारी ठरवू.

आणि आई, देऊळ एक ठेवलंय. महालक्ष्मीचं, १८१८ सालचं, पणजीत देऊळ बांधायला पोर्तुगीजांनी परवानगी दिली तेव्हाचं. अंबाबाईची सवय असलेल्या तुला ते लहान वाटेल. ओटी घेऊन ये. तिथून रिक्षाने घरी, त्यावर वाद नको.

रिझर्वेशन तुम्हीच करा बाबा, खिडकीशेजारची सीट आईला. तिचं अर्धं तिकीट हद्दीपर्यंतच, ते तुम्हाला काय सांगायचं. नवे बूट आणू नका, वापरातले घाला. चार्ट परत पाठवतेय, 'शेरा' सोडून सगळं खोडलंय. चहाची पाच मिनिटं वीस केली आहेत.

तुमची,
मनू