संगीत महाविद्यालय निवडण्याआधी

जळगाव

प्रिय मित्रा,
सप्रेम नमस्कार.

बारावीनंतर मुलीला आजच्या व्यावसायिक संगीताचेच शिक्षण द्यायचे, असे तुम्ही उभयतांनी ठरवल्याचे वाचून आनंद झाला; शहाद्यात राहून हे ठरवणे सोपे नाही, हे मी जाणतो.

तिने गांधर्व महाविद्यालय मंडळाची शास्त्रीय संगीताची मध्यमा परीक्षा केली आहे, म्हणजे सुरालयीचा पाया आहे. पण क्लिकच्या, म्हणजे लय धरण्यासाठी कानात वाजणाऱ्या टिकटिकीच्या, ठोक्यावर माइकसमोर गाणे, कॉर्ड्स (एकत्र वाजणारे स्वरसमूह) ओळखणे आणि ड्रम, बास, कीबोर्डवाल्यांसोबत गाणे उभे करणे हे तिला नव्याने शिकावे लागेल. ए. आर. रहमान यांनी २००८ मध्ये चेन्नईत सुरू केलेल्या के. एम. म्युझिक कॉन्झर्व्हेटरीत पाश्चात्त्य संगीतासोबत हिंदुस्थानी गायनही शिकवतात, म्हणून ती यादीत जरूर ठेव. पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटचा ध्वनिमुद्रणाचा अभ्यासक्रम मात्र पदवीनंतरचा आहे. तो तूर्त बाजूला राहू दे.

माहितीपत्रकातल्या चकचकीत स्टुडिओच्या छायाचित्रावर जाऊ नकोस. तो स्टुडिओ एका विद्यार्थ्याच्या वाट्याला आठवड्यात किती तास येतो, शिकवणारे आजही स्वतः वाजवतात की नाही, आणि शेवटी हातात पदवी पडते की नुसते प्रमाणपत्र, हे विचार. पदवी असेल तर ती कोणत्या विद्यापीठाची, हेही पाहा, कारण पुढे तिला एम. ए. करावेसे वाटले तर तोच कागद लागेल.

माझ्या मते सर्वांत महत्त्वाचा प्रश्न हक्कांचा आहे, आणि तो पालक क्वचितच विचारतात. आपल्याकडे लग्नाच्या हळदीत बँडवर वाजणारी अहिराणी गाणी यूट्यूबवर लाखो लोक ऐकतात, पण ती रचणाऱ्यांपैकी कित्येकांनी एकरकमी पैसे घेऊन गाणे देऊन टाकलेले असते. वास्तविक २०१२ च्या कॉपीराइट दुरुस्तीनंतर गीतकार आणि संगीतकार यांना रॉयल्टीतील आपला वाटा करार करूनही सोडून देता येत नाही, आणि गायकांचे हक्कही त्याच दुरुस्तीने बळकट झाले. करार वाचणे, गीतकार-संगीतकारांची रॉयल्टी गोळा करणाऱ्या आयपीआरएससारख्या संस्थेत गाण्याची नोंद करणे, हे ज्या महाविद्यालयात शिकवले जात नाही, तेथे व्यावसायिक संगीताचे शिक्षण अर्धेच मिळते, असे मी म्हणेन. (तुझ्यासारख्या वकिलाला हे मी सांगावे, ही गंमतच!)

शैक्षणिक कर्जाच्या कागदांवर सही करण्यापूर्वी तिला एक दिवस वर्गात बसू द्या आणि शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्यांचा कार्यक्रम ऐका. तारीख ठरली की कळव. रजा काढून मीही सोबत येईन. वहिनींना नमस्कार.

तुझाच,
बाळू