आई, गोळ्या मी नेल्यात, पण गोळी बंद केलेली नाही

ती. आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

आई, शालींच्या कप्प्यातल्या झोपेच्या गोळ्या शोधू नकोस, त्या मी पुण्याला घेऊन आलेय. ११ पाकिटं होती. तू मारुतीला गेलीस तेव्हा मोजली. तुला न विचारता तुझ्या कपाटाला हात लावला, म्हणून सांगलीहून निघाल्यावर कराड येईपर्यंत मला रडू आवरत नव्हतं. पण विचारलं असतं तर तू दिली असतीस का?

तुझी रोजची गोळी मी बंद केलेली नाही. १५ दिवसांच्या देवघराशेजारच्या डब्यात ठेवल्यात. रोज एकच, नेहमीच्या वेळी, बाबांच्या हातून. नवरात्रात तू आपल्या मनानं सोडलीस आणि तिसऱ्या रात्री हात थरथरले, घामानं उशी भिजली, ते उपासानं नव्हतं गं. इतक्या वर्षांची अल्प्राझोलाम एकदम तोडली की असंच होतं, फिटसुद्धा येऊ शकते. तुझं मन कमकुवत आहे असं पुन्हा म्हणू नकोस.

मग पाकिटं का नेली? त्या पहाटे चारला मी जागी होते. तू भिंत चाचपत गेलीस आणि न्हाणीच्या दारात बांगड्या फरशीवर आपटल्या. सकाळी तुला त्यातलं काहीच आठवत नव्हतं. तरुण माणसाच्या अंगातून ही गोळी निम्मी उतरायला साधारण ११ तास लागतात, उतारवयात १६च्या आसपास. तोल जातो, विसरायला होतं. दूध दोनदा करपलं ते नुसतं वयामुळे असेल असं मला वाटत नाही. आणि झोप येईना म्हणून तू कधी एकीच्या दोन घेतेस, हेही मला कळलंय. रागावले नाहीये.

दादाच्या त्या आषाढात डॉक्टरांनी दिलेली गोळीची चिठ्ठी फाइलमध्ये सापडली. त्यावर 'पंधरा दिवस' लिहिलंय, आई. पुन्हा दाखवायला आपण कुणीच गेलो नाही. मीही नाही. मी फोनवर 'झोप लागली ना?' एवढंच विचारत राहिले.

मिरजेच्या मानसोपचार डॉक्टरांची मंगळवारची ११ची वेळ घेतलीय. मी शनिवारी येतेय. शेजारी काय म्हणतील ते माझ्यावर सोड. डॉक्टर गोळी हळूहळू उतरवतील, त्याला महिने लागले तरी चालतील. कदाचित दुसरं औषध देतील. तसल्या औषधाचा गुण यायला दोन-चार आठवडे जातात, चार दिवसांत 'काही उपयोग नाही' म्हणून टाकून द्यायचं नाही.

बाबा, आता तुम्ही ऐका. तुमच्या गुडघ्याची ट्रामाडॉल आईला कधीही द्यायची नाही. दोन्ही गोळ्या मिळून श्वास मंदावतो. तिची अर्धी तुम्हीही घ्यायची नाही, आईनं सगळं सांगितलंय मला. सर्दीची, खाजेची, बुरशीची, कसलीही गोळी आणताना तिच्या गोळीचं नाव आधी सांगायचं. आणि औषधवाल्याशी मी बोलले. ओळखीनं देणं त्याच्याही अंगाशी येईल. पाकिटावर लाल चौकटीतला इशारा आहे ना, त्या गोळ्यांची नोंद २०१४पासून त्याला वेगळ्या वहीत ठेवावी लागते. तुमच्यासाठी वाईट वाटलं त्याला, भला माणूस आहे. रात्री आईला फारच घाबरल्यासारखं झालं तर मला उठवा. मी उचलला नाही तर १४४१६ लावा, मानसिक मदतीचा सरकारी नंबर आहे, फुकट आहे, मराठीत बोलतात. जास्तच गुंगी आली, हाक मारून उठेना, तर कुणाची वाट न बघता दवाखाना गाठा.

बाकी काही बदलत नाहीये. झोपाळा तिथेच राहील, सकाळचा चहा तसाच. फक्त दुपारी चारनंतर चहा नको, आई, एवढं ऐक. बोळातला दिवा रात्रभर चालू ठेवा, बिलाचं मी बघते. न्हाणीत धरायला दांडी बसवायला रविवारी माणूस येईल. भिंतीला भोकं पडतील, पडू देत.

दहावीच्या परीक्षेआधी माझी झोप उडाली होती, तेव्हा तू तूप लावून काशाच्या वाटीनं माझे तळपाय घासायचीस. तळवे काळे व्हायचे आणि मी कधी झोपले ते कळायचं नाही. ती वाटी माळ्यावरच्या पितळी डब्यात असेल. बाबा, तुम्ही स्टुलावर चढू नका, मी आल्यावर काढते. शनिवारी रात्री तुझे पाय मी घासणार आहे, नाही म्हणायचं नाही.

तुमची,
मनू

ता. क. न्हाणीबाहेरचं सुटं पायपुसणं आजच उचला.