एफडी राहू द्या, बाबा

नाशिक

तीर्थरूप आई-बाबांना,
शि. सा. न. वि. वि.

बाबा, चिऊच्या अभ्यासासाठी एक माणूस घरी येऊन टॅब दाखवून गेला, तीन वर्षांचं पॅकेज आहे आणि हप्त्यांची कटकट नको म्हणून तुम्ही एफडी मोडायला निघालात, हे परवा फोनवर कळलं. तेव्हा मी नुसतं ‘थांबा’ म्हटलं. दादा-वहिनी शेजारीच बसले असावेत, आणि पैशाचा विषय निघाला की फोनवर तुमचा-माझा आवाज चढतो. म्हणून लिहायला बसले. एफडी मोडू नका. आठवीतल्या पोरीला लागणारं जवळपास सगळं फुकट मिळतं. ते कुठे मिळतं हे पोरांना दाखवण्याचाच मला लायब्ररीत पगार मिळतो, तेव्हा एवढं तरी माझं ऐका.

तुम्ही काय म्हणणार ते मला इथूनच ऐकू येतंय. फुकट कोण देतं? दिलंच तर त्यात काहीतरी खोट असणार. आता बालभारतीचंच बघा. शाळेची पुस्तकं त्यांच्या संकेतस्थळावर पीडीएफमध्ये ठेवलेली आहेत, कुणीही उतरवून घ्यावीत. त्याचे पैसे आपण आधीच भरलेत, साबणाची वडी घेताना भरतो तो कर शेवटी जातो कुठे? त्यामुळे ते घेताना संकोच नको आणि संशयही नको.

चिऊ सेमीला आहे. तिला गणित येत नाही असं वहिनी म्हणते, पण दिवाळीत मी तिच्याजवळ बसले होते तेव्हा वेगळंच दिसलं. तिला गणित अडत नाही, इंग्रजी वाक्य अडतं. यावर एक सोपा उपाय आहे आणि तो त्या टॅबवाल्याने सांगितला नसणार. तोच धडा मराठी माध्यमाच्या पुस्तकात असतो, त्याच क्रमाने, त्याच आकृत्यांसह. मराठी पुस्तकाची पीडीएफ दादाच्या मोबाइलवर उघडायची आणि तिचं इंग्रजी पुस्तक मांडीवर ठेवायचं. आधी मराठीत समजून घ्यायचं, मग तेच इंग्रजीत वाचायचं. आमच्याकडे डिप्लोमाला आलेली खेड्यातली पोरं पहिल्या वर्षी हेच करत नाहीत म्हणून गटांगळ्या खातात.

पुस्तकातल्या धड्यांवर चौकोनी ठिपक्यांचा क्यूआर कोड छापलेला असतो. दीक्षा नावाचं सरकारी अ‍ॅप आहे, 2017 साली आलेलं. त्यातून तो कोड स्कॅन केला की त्या धड्याचे व्हिडिओ नि प्रश्न उघडतात. खरं सांगते, त्यातले काही व्हिडिओ इतके रटाळ आहेत की चिऊ दोन मिनिटांत उठून जाईल. जाऊ दे तिला. जो धडा अडलाय तेवढाच बघायचा. जास्तीची गणितं हवी असतील तर दिल्लीच्या एनसीईआरटीचं, म्हणजे सीबीएसईच्या शाळांची पुस्तकं काढणाऱ्या सरकारी संस्थेचं, ‘एक्झेम्प्लर’ नावाचं पुस्तक त्यांच्या साइटवर मोफत आहे. तिच्या पुस्तकापेक्षा जरा अवघड आहे, पण एका वेळी दोन-चार उदाहरणं करायला छान. एवढ्यात तिचं वर्ष निघेल. हजारो व्हिडिओ असल्याची जाहिरात करणाऱ्याला विचारा, पोरगी ते बघणार कधी?

आता बाबा, खास तुमच्यासाठी. अरविंद गुप्ता हे नाव लक्षात ठेवा. आयआयटी कानपूरचे इंजिनिअर. पुण्याला आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेत मुलांचं विज्ञान केंद्र आहे, तिथे त्यांनी बरीच वर्षं काम केलं. 2018 साली पद्मश्री मिळाली. त्यांचं सगळं काम टाकाऊ वस्तूंतून खेळणी करण्याचं. सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचे तुकडे आणि आगपेटीच्या काड्या घेऊन ते त्रिकोण, चौकोन, घनाकृती करून दाखवतात. त्रिकोण दाबला तरी हलत नाही, चौकोन लगेच कलंडतो, आणि पुलाच्या कैच्या तिरप्या का असतात ते पोराला हातानेच कळतं. त्यांच्या संकेतस्थळावर या सगळ्याचे फोटो नि व्हिडिओ आहेत, शिवाय मुलांची असंख्य पुस्तकं, मराठीतलीसुद्धा. नोंदणी करा, पासवर्ड टाका, असली भानगड नाही. माणसाला एका गोष्टीचं वेड लागलं आणि त्याने ते सगळ्यांसाठी उघडं ठेवलं, एवढाच त्यामागचा हिशेब.

त्यातली विजेची मोटार तुम्ही चिऊबरोबर कराच. एक साधा सेल, दोन सेफ्टी पिना, ट्यूबचा रबरी पट्टा, एक चुंबक आणि वाइंडिंगच्या तारेचं छोटं कडं. तारेच्या एका टोकाचं वॉर्निश पूर्ण खरवडायचं, दुसऱ्या टोकाचं मात्र एका बाजूला ठेवायचं. का, ते तुम्हाला मी काय सांगणार! डेपोत इतकी वर्षं सेल्फ आणि डायनॅमो उघडलेत तुम्ही. अर्ध्या फेऱ्याला करंट तुटला नाही तर कडं जागीच डोलत राहील, आणि कम्युटेटर नि कार्बन ब्रश तेच काम करतात, हे तुमच्याइतकं नीट कुठला अ‍ॅप तिला सांगेल? विजेचा धडा तिला आहेच. तार तुम्हाला स्टँडजवळच्या वाइंडिंगवाल्याकडे भंगारातही मिळेल.

याच्या जोडीला फेट म्हणून पडद्यावरच्या प्रयोगांचं एक संकेतस्थळ आहे. अमेरिकेत कोलोराडो विद्यापीठात कार्ल वीमन नावाच्या नोबेल मिळालेल्या प्राध्यापकांनी 2002 साली सुरू केलं. पडद्यावर तारा, बल्ब, बॅटरी ओढून सर्किट जोडायचं. शॉर्ट केलं तर बॅटरीला चक्क आग लागते, पडद्यावरच. त्यातले बरेच प्रयोग मराठीत आहेत. पण आधी सेफ्टी पिनांची मोटार, मग हे. उलटं केलं तर ती खऱ्या तारेला हातच लावणार नाही.

तुम्ही एकदा विचारलं होतंत, आयआयटीत शिकवतात तरी काय? ते घरबसल्या बघता येतं. 2001 साली अमेरिकेतल्या एमआयटीने जाहीर केलं की आपल्या वर्गांतलं साहित्य आम्ही सगळ्या जगासाठी खुलं करणार. लोकांना वाटलं, वेड लागलं यांना, आता फी कोण भरणार? पण विद्यार्थी काही कमी झाले नाहीत, कारण फी डिग्रीसाठी असते, प्रयोगशाळेसाठी, सोबतच्या पोरांसाठी असते. आपल्याकडे आयआयटी आणि बंगळूरची आयआयएससी यांनी मिळून 2003 पासून एनपीटीईएल नावाचं नेटवरच्या व्याख्यानांचं भांडार सुरू केलं, आणि 2017 पासून सरकारचं तसंच स्वयम आहे. व्याख्यानं बघायला पैसे नाहीत. परीक्षा देऊन सर्टिफिकेट हवं असेल तरच फी. तुम्हाला सर्टिफिकेट घेऊन कुठे चिकटायचंय? नेट नीट चालत नसेल तर स्वयम प्रभा नावाची शिकवणीची चॅनेलं डीडी फ्री डिशवर लागतात, टीव्हीवर. बोलतात मात्र बहुतेक इंग्रजीत, ती अडचण आहेच.

मराठीत काही हवं असेल तर आयआयटी मुंबईचं स्पोकन ट्युटोरियल बघा. कॉम्प्युटर शिकवणारे छोटे छोटे धडे, दहाएक मिनिटांचे. ते जसं बोलतात तसं आपण शेजारी करत जायचं. लिबर ऑफिस हे कॉम्प्युटरवर लिहिण्या-हिशेबाचं सॉफ्टवेअरही फुकट आहे, त्यात कॅल्क म्हणून हिशेबाचा तक्ता असतो. देवळाच्या ट्रस्टची वही तुम्ही दर मार्चला डोळे ताणून जुळवता ना, ती त्यात घ्या. दादाचा जुना लॅपटॉप धूळ खात पडलाय.

आई, तुझ्यासाठी वेगळं काही शोधावं लागलं नाही, ते आपल्या वाईतच तयार झालंय. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींनी सुरू केलेला मराठी विश्वकोश, 1976 साली पहिला खंड निघाला तो, आता वीसच्या वीस खंड नेटवर फुकट वाचता येतात. त्या जाड खंडांची भीती वाटायची ना तुला? मोबाइलवर अक्षर हवं तेवढं मोठं कर आणि मनात येईल तो शब्द टाक. भाषा जरा मास्तरी आहे, पण तुला चालेल. विकिस्रोतवर संतांचे अभंग आहेत. राज्य मराठी विकास संस्था नि साहित्य संस्कृती मंडळ यांनीही पुष्कळ पुस्तकं खुली केलीत.

एक सांगायचं राहिलं. तुझ्या भिशीच्या ग्रुपवर नव्या पुस्तकांच्या पीडीएफ फिरतात, त्या घेऊ नकोस. लेखक गेल्यानंतर साठ वर्षांनी त्याचं लेखन सगळ्यांचं होतं, असा आपला कायदा आहे. साने गुरुजी 1950 साली गेले, म्हणून त्यांची पुस्तकं 2011 पासून कुणीही छापावीत, वाचावीत. पण जो लेखक अजून लिहितोय त्याचं पुस्तक असं फिरवणं म्हणजे त्याच्या खिशात हात घालणं. मी लायब्ररीत कुणाला देत नाही, घरात कशी चालवून घेऊ?

आणि फुकटाची जी जात खरंच वाईट ती तुम्ही दोघंही ओळखून ठेवा. ‘सात दिवस मोफत’ म्हणायचं आणि आधीच कार्डाचा नंबर मागायचा. आठव्या दिवशी पैसे आपोआप कापले जातात. वर मी जे जे सांगितलं, त्यात शिकायच्या आधी कार्ड कुणी मागत नाही. जिथे कार्ड, ओटीपी नाहीतर पोरीच्या आई-बापांचा पगार विचारतात, तिथून उठून यायचं. तो माणूस परत आला तर त्याला चहा द्या, पण कागदावर सही करू नका.

चिऊला रोज संध्याकाळी अर्धा तास तुम्ही घेऊन बसा, बाबा. तिला टॅब नको आहे, तुमच्यासारखा ‘असं का?’ विचारणारा माणूस हवाय. दादाला मी सगळी नावं वेगळी पाठवली आहेत, तो तुमच्या मोबाइलवर लावून देईल. मोटार फिरली नाही तर आधी खरवडलेलं टोक बघा, आणि तरीही नाही फिरली तर फोन करा, मी इथल्या पॉलिटेक्निकच्या सरांना विचारून सांगते.

आईची बीपीची गोळी संपत आली असेल, आणून ठेवा.

तुमची,
मनू