त्या पाळण्याचा नट

चि. मंदार यास अनेक आशीर्वाद,

मोबाईलवर टाईप करतोय, बोटं जाड आहेत, चुका सांभाळून घे. फोनवर बोललो असतो पण फोनवर तू मध्ये बोलतोस आणि माझं राहून जातं, म्हणून लिहितोय.

परवा तू विचारलंस की नायगाराचे फोटो सगळ्यांना दाखवले का. दाखवले बाबा. तुझ्या मामाने तर तीनदा बघितले आणि तिन्ही वेळा तिकीट किती हेच विचारलं. पण खरं सांगू का, मला नायगारा आता फारसा आठवत पण नाही. पाणी पडत होतं, आपण निळे प्लास्टिकचे रेनकोट घालून बोटीत भिजत होतो, आई देवाचं नाव घेत होती, एवढंच. डोक्यात बसलंय ते परत येतानाचं, ते झाडीतलं पार्क, कनोबल्स. तू आधी सांगितलं नव्हतंस, गाडी चालवता चालवता म्हणालास अर्ध्या दिवसाचा हॉल्ट घेऊ, पेनसिल्व्हेनियात एलिसबर्ग नावाचं गाव आहे, तिथे एक जुनी जत्रा भरलेलीच असते. मला वाटलं आता परत शंभर डॉलरचं तिकीट आणि दोन तासाची लाईन. आणि तिथे गेलो तर गेटच नाही! पार्किंगला पैसे नाहीत, आत जायला पैसे नाहीत, लोक कुत्री घेऊन फिरताहेत, घरून आणलेले डबे उघडून झाडाखालच्या बाकड्यांवर जेवताहेत. आईने लगेच पिशवीतून ठेपले काढले, म्हणाली हे आपल्यासारखंच आहे की.

तू सांगत होतास की ४ जुलै १९२६ ला सुरू झालं, आधी पोहायचा तलाव, एक हॉटेल आणि वाफेवर फिरणारा घोड्यांचा पाळणा एवढंच होतं, आणि मालक मूळचे लाकूडवाले, जंगल आणि सॉ मिलवाले. आजपण त्याच घराण्याकडे आहे. ते मला पटलं, कारण तिथलं लाकूडकाम बघितलं की कळतं हे पैसे टाकून बाहेरून करून घेतलेलं नाही, लाकडाची जात ओळखणाऱ्याचं काम आहे. पार्कातून ओढा वाहतो, रोअरिंग क्रीक, त्याच्यावर छप्पर असलेला लाकडी पूल. १९७२ ला वादळाचा पूर आला, परत २०११ ला आला, बरेच पाळणे पाण्यात, आणि दोन्ही वेळा चिखल काढून परत चालू केलं. हे ऐकून आई आणि मी एकमेकांकडे बघितलं. सांगलीच्या माणसाला हे वेगळं सांगायला नको, २०१९ ला आयर्विन पुलाशी पाणी ५७ फुटाच्या वर होतं तेव्हा आपण काय काढलं घरातून आणि काय सोडलं. असो.

मुद्द्यावर येतो. तिथे एन्ट्री फुकट पण प्रत्येक पाळण्याला वेगळी तिकिटं. तू तिकिटांचं पुस्तक घेतलंस, बसच्या पासाच्या जुन्या कुपनांसारखं, आणि फाडून फाडून द्यायला लागलास. मी नकळत मोजत होतो. याला एवढी गेली, उरली किती, अर्णवला अजून दोन बसायचे असतील तर पुरतील का. तू हसलास, म्हणालास बाबा संपली तर अजून घेऊ. तू सहज म्हणालास, पण मी तिथेच थोडा गप्प झालो. तुला वाटलं प्रवासाने दमलो.

आणि मग ते तुझं सुरू झालं. प्रत्येक पाळण्यापाशी अर्णवला सांगायचं, आजोबांना विचार नट टाईट आहे का. आजोबा एसटीच्या वर्कशॉपचे, त्यांना लांबून नट दिसतो. मिरजेच्या उरुसात आजोबांनी मोठ्या पाळण्याकडे नुसतं बघितलं आणि सांगितलं की नट ढिला आहे, बसायचं नाही. आम्ही वाचलो. तुझ्या मधुराला हे पाठ आहे, तुझ्या ऑफिसातल्या लोकांना पण सांगितलंयस म्हणे. अर्णव बिचारा प्रत्येक वेळी गंभीर चेहरा करून, आजोबा, नट ओके? आणि मी मान हलवतोय, ओके.

त्या गोल फिरणाऱ्या पाळण्यावरचे घोडे काय सुंदर होते रे. १९१३ चं काम, ६३ घोडे, हाताने कोरलेले, एकाचं तोंड दुसऱ्यासारखं नाही. बाजूला मोठा ऑर्गन वाजतोय. आणि ती कड्यांची गंमत, बाहेरच्या घोड्यावरून जाता जाता हात लांब करून कडी ओढायची, सगळ्या लोखंडी, एखादीच पितळी, पितळी मिळाली की एक चक्कर फुकट. तुझी आई साडी खोचून घोड्यावर बसली हे मी सांगलीत कुणाला सांगितलेलं नाही, पण तिने सात की आठ कड्या ओढल्या, कढीपत्ता तोडावा तशी, सहज. पितळी मात्र तिच्या पुढच्या मुलीला गेली. आई अजून म्हणते की घोडा जरा मागे असता तर. दुपारी ती पिरोगी खाल्ली, बटाट्याचं सारण भरलेली उकडीची करंजीच ती, आईने मीठ मागून घेतलं.

आणि मग तो मोठा, लाकडाचा रोलर कोस्टर. फिनिक्स.

मी आधी बाहेर उभा राहून वीस मिनिटं बघितला, तू वैतागलास. पण मला बघायचंच होतं. मला वाटलेलं डबा रुळावर नुसता ठेवलेला असतो, तसं नाही. एक चाक वर, एक बाजूला आणि एक रुळाच्या खालून, म्हणजे डबा उडायला बघतो तेव्हा खालचं चाक धरून ठेवतं. रूळ म्हणजे लाकडाच्या फळ्या एकावर एक ठोकलेल्या आणि वर लोखंडी पट्टी. गाडी गेली की सगळा सांगाडा हलतो, आई घाबरली, पण हलायलाच पाहिजे, नाही हलला तर मोडेल, बसच्या चासीचंही तसंच असतं. आणि चढावर तो जो टक टक टक आवाज येतो ना, लोक त्यालाच घाबरतात, तो आवाज चांगला आहे. खाली दाते असतात आणि डब्याला एक खिट्टी, आम्ही वर्कशॉपमध्ये तिला डॉग म्हणायचो, प्रत्येक दात्यावर ती पडते. समजा चेन तुटली तरी गाडी मागे येणार नाही. टक टक बंद झाली तर घाबरायचं.

आणि तू त्याची जी गोष्ट सांगितलीस ती तर मी इथे येऊन वर्कशॉपच्या जुन्या मंडळींना सांगितली, कुणाचा विश्वास बसेना. की हा मुळात तिथला नाहीच. १९४७ ला टेक्सासमध्ये सॅन अँटोनियोला बांधलेला, नाव रॉकेट, ते पार्क १९८० ला बंद पडलं, चार-पाच वर्षं नुसता उन्हापावसात उभा. यांनी तो विकत घेतला, आणि ड्रॉइंग नाही! मूळ नकाशे कुणाकडेच नाहीत. मग एकेका फळीला नंबर घालून उतरवला, एवढ्या लांब आणला आणि १९८५ ला परत तसाच उभा केला, म्हणून नाव फिनिक्स, राखेतून उठलेला पक्षी. मंदार, मी आयुष्यभर इंजिनं खोललीत. खोलणं कुणालाही येतं. जोडल्यावर ट्रेमध्ये दोन नट उरले की घाम फुटतो. ३२०० फूट लाकडी रूळ खोलून परत जोडणारी माणसं कशी झोपली असतील रात्री.

तर शेवटी बसलो. आई नको म्हणत होती, बीपी बीपी करत होती, तू पण म्हणालास बाबा राहू दे. अर्णवने माझा हात धरला आणि नेलं. मांडीवर एक बार येतो, तोही घट्ट नाही, चार बोटं जागा, पट्टा वगैरे काही नाही. गाडी सुटली ती थेट अंधारात गेली, लांबलचक बोगदा, काही दिसत नाही, आणि त्या अंधारात अर्णव हळू आवाजात म्हणतो, आजोबा, खरंच नट ओके आहेत ना? तू बघितलास ना?

चेष्टा नव्हती ती. पोरगं खरंच विचारत होतं. माझ्या भरवशावर बसलं होतं.

मी म्हणलं हो, बघितले. मग ते टक टक सुरू झालं, उजेडात आलो, ७८ फूट वर, सगळीकडे नुसती झाडी, आणि मग काय झालं ते मला सांगता येणार नाही, बूड सीटवर कमी आणि हवेत जास्त होतं, चष्मा मी दाताने धरला होता, अर्णव किंचाळत होता आणि मी पण, दोन मिनिटात सगळं संपलं. खाली उतरलो तेव्हा तू फोटो काढत होतास आणि म्हणालास, बघा, ज्यांनी आम्हाला उरुसात बसू दिलं नाही ते स्वतः बसले! सगळे हसले. मी पण हसलो. पण तिथून एडिसनला तुझ्या घरापर्यंत गाडीत मी झोपलो नव्हतो, डोळे मिटून बसलो होतो.

मंदार, तो नट ढिला नव्हता.

१९८८ चा उरूस. तू सात वर्षांचा, ताई दहाची. महिनाअखेर होती. खिशात अकरा रुपये होते, त्यातले आठ आजीच्या औषधाचे, ते परत येताना घ्यायचे होते. यायला जायला माझा पास होता पण तुमचं तिकीट होतं. पाळण्याला माणशी दोन रुपये. तुम्ही दोघं म्हणजे चार, आणि तुम्हाला एकटं बसवता येत नाही म्हणजे मी धरून सहा. मी पाळण्यापाशी उभा राहून हाच हिशोब चार वेळा केला, उत्तर तेच येत होतं. तू शर्ट ओढत होतास. आणि माझ्या तोंडून निघून गेलं, तो बघ तिसऱ्या डब्याचा नट हलतोय, ढिला आहे, यात बसायचं नसतं.

आता तुला खरं ते सांगतो, मी बघितला होता तो नट. सवयच आहे, नजर जातेच. चांगला घट्ट होता, वर सुटू नये म्हणून चेक नट होता, स्प्लिट पिन पण घातलेली. पाळणेवाला नीट माणूस होता बिचारा. मी त्याच्या तोंडावर त्याच्या पाळण्याला नाव ठेवलं, आजूबाजूच्या दोन-चार लोकांनी ऐकलं आणि तेही लाईनीतून निघाले. त्याने माझ्याकडे बघितलं होतं. काही बोलला नाही.

पैसे नाहीत म्हणायला काय झालं होतं, असं तू म्हणशील. आपल्याकडे पैसे नाहीत हे तुला काय माहीत नव्हतं? पण त्या दिवशी म्हणवलं नाही. आणि तू रडलास पण नाहीस. रडला असतास तर बरं झालं असतं, मी ओरडलो असतो आणि विषय संपला असता. तू माझ्याकडे असा बघायला लागलास जसा काही मी मोठा साहेब आहे. दुसऱ्या दिवशी शाळेत सांगितलंस, माझ्या बाबांना लांबून नट दिसतो. मग मी सुधारलं नाही. आधी बरं वाटलं म्हणून, मग उशीर झाला म्हणून, मग तुझ्या लग्नात तू स्टेजवर हीच गोष्ट सांगितलीस तेव्हा तर प्रश्नच नव्हता.

मी तुला हे तिथेच सांगणार होतो, त्या ओढ्याच्या पुलावर, तू आईस्क्रीम आणायला गेलास तेव्हा मनाची तयारी केली होती. तू आलास आणि म्हणालास बाबा अजून तिकिटं उरलीत, कशात बसायचं, आणि तुझा चेहरा अगदी सात वर्षांचा झाला होता. राहिलं.

अर्णवला सांगायचं का नाही ते तू ठरव. मला विचारशील तर थोडं थांब, तो अजून बोगद्यात विचारण्याच्या वयाचा आहे. मधुराला सांगायला हरकत नाही, तिला मला वाटतं आधीपासून शंका आहे, मेकॅनिकल इंजिनियर आहे ती, लांबून पाळण्याचा नट दिसत नसतो हे तिला कळत असणार.

एक राहिलं. त्या दिवशी उरुसात तू अडून बसला होतास तेव्हा ताईने तुझा हात धरून ओढलं होतं, चल रे, बाबा सांगताहेत ना ढिला आहे. आणि जाताना तिने एकदा माझ्या खिशाकडे बघितलं होतं. मी तेव्हा पैसे मोजून परत ठेवत होतो. चौतीस वर्षं झाली, तिने कधी एक शब्द काढला नाही, तू गोष्ट सांगायला लागलास की ती उठून चहा टाकायला जाते. मला तिला विचारायचं धाडस होत नाही. तू फोन करशील तेव्हा बघ जमलं तर.

आई विचारते आहे की तुझ्याकडे राहिलेला तिचा मोरपंखी ब्लाऊज सापडला का. माझ्या पांढऱ्या शर्टाच्या खिशात पार्कची तीन तिकिटं निघाली, धुतली गेली नाहीत, चांगली आहेत. कपाटात ठेवलीत.

तुझा,
बाबा
सांगली, सप्टेंबर २०२२