फासा खोटा आहे का?

प्रिय मित्रा,

पत्र आणि तक्ता दोन्ही मिळाले. साठ वेळा फासा टाकून सहा चौदा वेळा आणि पाच फक्त सहा वेळा पडला, आणि तुझ्या हिशोबाचं उत्तर 7 आलं, म्हणून तू त्याला खोटा ठरवून मोकळा झालास! जरा थांब.

फासा खरा असेल तर प्रत्येक आकडा सरासरी दहादा पडायला हवा. तुझे आकडे 8, 12, 9, 11, 6, 14. प्रत्येकाचा दहाशी फरक काढ, वर्ग कर, दहाने भाग आणि बेरीज घे. 42 भागिले 10, म्हणजे 4.2. झालं काय-स्क्वेअर, म्हणजे प्रत्यक्ष मोजणी अपेक्षेपासून किती दूर आहे ते तपासणाऱ्या चाचणीचं उत्तर. सहा घरं, पण एकूण साठ ठरलेले असल्याने पाच आकडे कळले की सहावा आपोआप ठरतो. म्हणून डिग्रीज ऑफ फ्रीडम, म्हणजे मोकळे बदलू शकणारे आकडे, पाच. पाच टक्के पातळीला, म्हणजे खऱ्या फाशातही शंभरात साधारण पाचदाच ओलांडला जाईल असा, कोष्टकातला आकडा 11.07. तुझा 4.2 त्याच्या जवळपासही नाही. एवढा चढउतार खऱ्या फाशातही सहज येतो.

मग तुझं उत्तर 7 कसं आलं? तू टक्के घातलेस. टक्के घातले की साठ फेकी गुपचूप शंभर होतात. ही चाचणी मोजणीवर चालते, टक्क्यांवर नाही, आणि हे मी तुला हजारदा सांगेन. हेच प्रमाण सहाशे फेकींत आलं असतं, 80, 120, 90, 110, 60, 140, तर उत्तर 42 आलं असतं आणि मीही तुझ्याच बाजूने उभा राहिलो असतो.

वेल्डन नावाच्या चिवट इंग्रज जीवशास्त्रज्ञांनी बारा फासे 26,306 वेळा टाकले. पाच किंवा सहा पडण्याचं प्रमाण 0.3333 ऐवजी 0.3377 निघालं. फरक केवढासा! पण संख्याशास्त्रज्ञ कार्ल पिअर्सन यांनी 1900 साली ही चाचणी मांडताना तेच आकडे घेतले, आणि फासे पक्षपाती ठरले. इतक्या फेकींपुढे बारीकसा कलही लपत नाही.

तेव्हा 4.2 वरून फासा निर्दोष सुटला असंही समजू नकोस. साठ फेकींत पुरावा मिळाला नाही, एवढंच. पुन्हा टाकणार असशील तर किती वेळा टाकायचं ते आधी ठरव. मधेमधे उत्तर काढून, हवं ते आलं की थांबायचं नाही. तुझा स्वभाव मला ठाऊक आहे, म्हणून लिहितोय.

नवे आकडे कळव. नुसती मोजणी.

तुझाच,
जुना मित्र