चित्त्याच्या वाटेत गाडी नको

संपादक महोदय,

गेल्या सप्टेंबरात मी एका पर्यटन कंपनीच्या सहलीबरोबर केनियातल्या मसाई मारा अभयारण्यात गेले होते. एका सकाळी वारुळावर चढून टेहळणी करणारी चित्त्याची मादी दिसली. खाली गवतात तिची तीन पिल्लं आणि लांबवर थॉमसन गॅझेल या लहान हरणांचा कळप. ती उतरली, मान खाली घालून सरकू लागली. तोवर वायरलेसवर बातमी पसरली होती. थोड्याच वेळात मी सतरा गाड्या मोजल्या. आमच्याच गाडीतून 'अजून पुढे घ्या, समोरून चेहरा हवा' असा धोशा सुरू झाला. ड्रायव्हर नको नको म्हणत होता, कुणीतरी नोट पुढे केली. गाडी मादी आणि कळपाच्या मधोमध गेली, गॅझेल उधळली. पिल्लं आईजवळ येऊन बसली. ती पुन्हा उठलीच नाही.

एका प्राण्याजवळ पाचच गाड्या, २५ मीटर अंतर, आणि मागे कुणी खोळंबलं असेल तर दहा मिनिटांत जागा सोडायची, हे तिथले नियम मला त्या ड्रायव्हरकडून कळले. निघण्यापूर्वीच्या बैठकीत पीतज्वराच्या लशीपासून जेवणातल्या वरणभातापर्यंत सगळं सांगितलं होतं, हे नाही.

सिंह आणि तरसांना टाळण्यासाठी चित्ता बहुतेक शिकार दिवसाउजेडी करतो, म्हणजे नेमकी आपण कॅमेरे घेऊन फिरतो तेव्हा. माराबद्दलचा एक अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. पर्यटकांची वर्दळ जास्त असलेल्या भागात एका वेतातलं सरासरी ०.२ पिल्लू मोठं होतं, वर्दळ कमी असेल तिथे २.३. तो आकडा वाचल्यापासून ती तीन पिल्लं माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाहीत.

फोटोसाठी इतकं जवळ जावंही लागत नाही. ४०० मिमीच्या लेन्सला २५ मीटरवरचा चित्ता निम्म्याहून अधिक चौकट भरतो. इंजिन बंद ठेवायचं आणि लेन्सखाली तांदळाची पिशवी घ्यायची, हात हलत नाही. माझा सर्वांत चांगला फोटो दुसऱ्या दिवशी असाच, लांबून मिळाला.

सहल कंपन्यांनी हे तीन नियम कार्यक्रमपत्रिकेत मराठीत छापावेत आणि बैठकीत वाचून दाखवावेत. बक्षिसी द्यायचीच, तर गाडी मागे ठेवणाऱ्या ड्रायव्हरला द्यावी.

– एक निवृत्त शिक्षिका, मिरज